देवाला चालेल, असं मी म्हणाले होते

विशाखा,

तू गेल्यापासून दुपारी मला नीट झोप लागत नाही आणि धड जागंही राहवत नाही. जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. बाहेर लातूरचं ऊन पांढरं पडलेलं असतं, लिंबाची सावली जागची हलत नाही, आणि डोळे मिटलेत की उघडे आहेत ते माझं मलाच कळत नाही, अशा वेळी तू येतेस. चष्म्यातली, निवृत्त झालेली, गुडघा धरून जिना चढणारी तू नव्हेस. अठरा वर्षांची, दोन वेण्या वर बांधलेली, हातात पत्र्याची पेटी घेतलेली. हैदराबादच्या आमच्या कॉलेजचा तो लांब व्हरांडा, एका बाजूला कमानी, कमानींतून आत आलेलं ऊन. तू चालत येतेस, येतच राहतेस, जवळ काही पोचत नाहीस.

त्या दिवशी तुझ्यामागे तुझे वडील होते. लोह्याच्या शाळेत शिपाई होते ते. नांदेडहून गाडीनं काचीगुड्याला उतरून तिथून पायी आला होतात. आमच्या मठात मराठी बोलणारी सिस्टर मी एकटीच, म्हणून फाटकावरच्या बाईनं तुम्हाला माझ्याकडे धाडलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, वसईकडच्या केळीच्या वाडीत वाढलेली. तुझ्या वडिलांचं मराठी पहिल्यांदा ऐकताना मला निम्मं समजेना. ते बसायला तयार नव्हते. उभ्यानंच त्यांनी शिष्यवृत्तीचे कागद दाखवले, आणि मग जे विचारायला इतक्या लांब आले होते ते विचारलं.

"पोरगी देव मानीत न्हाई, शिष्टरबाई. आमी दीक्षा घेतलेली माणसं हाव. चालंल का तुमच्यात?"

मी म्हणाले, "देवाला चालेल. मदरना विचारून सांगते."

त्यांना हसू आलं नाही. थोडा विचार करून ते म्हणाले, "मग मदरलाच इचारा. देवाचं आमाला काई न्हाई."

मी धावत वर गेले. आमच्या मदर प्रिन्सिपल मंगळूरच्या, फार कमी बोलायच्या. त्यांनी सांगितलं की सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी उभं राहायचं हा नियम आहे, पण उभं राहून ओठांनी काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं. मी खाली येऊन ते तुम्हाला मराठीत सांगितलं. तेव्हा तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. उभी राहीन म्हणालीस, हात जोडणार नाही.

आणि तीन वर्षं तू तशीच उभी राहिलीस. चौथ्या रांगेत, खांबाजवळ, हात खाली सोडलेले, नजर समोर. प्रार्थनेच्या वेळी माझी नजर वेदीकडे असायला हवी, ती तुझ्याकडे जायची. तू कुणाचा अपमान करत नव्हतीस. पावसात छत्री नसलेलं माणूस जसं शांतपणे एखाद्या वळचणीखाली थांबतं, तशी दिसायचीस. एका वयस्क सिस्टरनी मदरकडे तक्रार केली की ही मुलगी इतर मुलींना बिघडवील. तेव्हा मात्र मी तुझ्या बाजूनं बोलले होते. हिच्या वडिलांना आपण शब्द दिलाय, असं मदरना म्हणाले. ते खरं आहे. त्या एका वेळचं खरं आहे.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. लोह्याकडे विहिरी आटलेल्या, तुझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी मिलोच्या, त्या रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी चालू आहेत असं पत्र आलं की तू ते दोनदा वाचून पेटीत ठेवायचीस. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात तू सगळ्यांची करमणूक झालीस, कारण तू एका तांब्यात आंघोळ करायचीस आणि व्हरांड्यातून जाता-येता चालू राहिलेले नळ बंद करत फिरायचीस. शहरातल्या मुली मुद्दाम नळ सोडून ठेवायला लागल्या. तू रडली नाहीस, रागावलीही नाहीस, पुन्हा जाऊन बंद करायचीस. दिवाळीच्या आधी तुझ्या पेटीला वास यायला लागला म्हणून मी ती उघडायला लावली. आत न्याहारीचे पाव होते, रोजचा एक, कपड्यात गुंडाळलेले, बुरशी आलेले. घरी न्यायचे होते तुला. आपण दोघींनी ते बागेच्या मागं नेऊन पुरले. तू म्हणालीस की आमच्याकडं भाकरी वाळवली की टिकते, पावही टिकेल असं वाटलं होतं, इथली हवा वेगळी दिसते.

माझ्या तर्कशास्त्राच्या तासाला तू पहिल्या बाकावर बसायचीस. मी विधानं आणि निष्कर्ष शिकवायचे, आणि तू तेच हत्यार उचलून नीतिशिक्षणाच्या तासाला दुसऱ्या सिस्टरांवर चालवायचीस. याला पुरावा काय, हे पहिलं विधान कुणी मान्य केलं. त्या बिचाऱ्या माझ्याकडे येऊन विचारायच्या, तू शिकवतेस तरी काय. नाताळात मात्र गव्हाणीवरचा सगळ्यात मोठा तारा तूच केलास, पतंगाच्या कागदाचा. कॅथलिक मुलींना गंमत वाटली. तू सांगितलंस की कागदाच्या कामाला माझी ना नाही. बाजारात तर तू माझी दुभाषी होतीस. तुझी घरची उर्दू मिसळलेली बोली हैदराबादेत सगळीकडे चालायची, आणि मी, तीन वर्षं तिथं राहिलेली, भाजीवाल्यापुढे मुकी उभी.

मला वाटायचं, ही आता आपल्यात रुळली. तुला काय वाटायचं, ते मी कधी विचारलं नाही.

आता त्या वादविवाद स्पर्धेवर येते. तिथवर यायला मला पन्नास वर्षं लागली.

तुझं शेवटचं वर्ष होतं. शहरातल्या सगळ्या कॉलेजांची स्पर्धा, आणि विषय होता, मुलं किती व्हावीत हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे का. मराठी विभागातून मुलगी पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी तुझं नाव लिहिलं. मग मागच्या पडवीत, एका उपड्या कुंडीवर कागद टेकवून, तू मला भाषण म्हणून दाखवलंस. दुपार होती. कबुतरं घुमत होती. तू आईबद्दल बोललीस. सात बाळंतपणं, त्यातली चार जगलेली. खडी फोडायला जाताना ती आठव्यांदा गरोदर होती, आणि ते मूल कामावरच, रस्त्याच्या कडेला, मेलेलं जन्मलं. मुकादमानं अर्ध्या दिवसाची हजेरी लावली. हे सांगताना तुझा आवाज चढला नाही. मग सरकारनं गावोगाव बायांसाठी सोय करावी, असं मागितलंस. शेवटी तू म्हणालीस की माझ्या आईला कुणी एकदा तरी विचारायला हवं होतं.

 मी छान झालंय म्हणाले, आणि खोलीत जाऊन हातात जपमाळ धरून बसले. आमचा धर्म याबाबत काय सांगतो ते मला पाठ होतं. तू जे सांगितलंस तेही आता पाठ झालं होतं. संध्याकाळी व्हरांड्यात मदर भेटल्या, आणि जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मराठी मुलींचं तूच बघतेस ना?" बस. पुढं काही नाही. मला त्यात सगळं ऐकू आलं. मठाची नाराजी, माझी बदली, तुझी मोफत जागा गेलेली, तुझे वडील पेटी उचलून परत चाललेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी काढली आणि तुझ्या नावावर रेघ ओढली. समोर लिहिलं, प्रकृती ठीक नाही.

तुला मी सांगितलं की वरून आलंय. तू सरळ मदरच्या खोलीकडे निघालीस. मी तुझा हात धरला. तुझी जागा जाईल, वडिलांचा विचार कर, असं म्हणाले. वडिलांचं नाव घेतल्यावर तू थांबलीस. आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, कुणाशीच बोलली नाहीस. प्रार्थनेला मात्र खांबाजवळ उभी होतीस. नवव्या दिवशी पडवीत येऊन माझ्याशेजारी बसलीस.

"सिस्टर, तुमी माझ्यासाठी भांडला असाल. मला म्हाईत हाय."

मी काही बोलले नाही. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

महिन्याभरानं मदरनी मला विचारलं, ती लोह्याची मुलगी बोलली नाही का स्पर्धेत, मला तिला ऐकायचं होतं. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी म्हणाले, आजारी होती. त्यांनी मान हलवली. म्हणजे कुणीही तुला अडवलं नव्हतं, विशाखा. वरून काहीच आलं नव्हतं. नियम आडवा आला नाही, मदर आल्या नाहीत, धर्मही आला नाही. मी आले. माझी भीती आली, आणि तिला मी संस्थेचा आवाज दिला.

पुढं तू नांदेडला कलेक्टर कचेरीत कारकून झालीस. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचे दिवस आले तेव्हा तुझं एक पत्र आलं. तुझ्या धाकट्या भावाला, लग्न न झालेल्या पोराला, आकडा भरायला गाडीत घालून नेलं होतं. तू लिहिलं होतंस की ते भाषण झालं असतं, तर त्यातली दोन वाक्यं मी आज मागं घेतली असती, सरकारवर इतका भरवसा ठेवायला नको होता. पण ती माझी मी घेतली असती. ते पत्र मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि मग पुस्तक उघडायचीच भीती वाटायला लागली, म्हणून दुसरं आणलं.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि तू नायब तहसीलदार होऊन इथं आलीस. उस्मानाबादहून ट्रकांनी दप्तरं यायची, कचेरीच्या पाट्यांचा रंग ओला असायचा. त्याच सुमारास आमच्या बिशपांनी मला इथं पाठवलं, मुलींचं वसतिगृह काढायला. आपण भेटलो ते तुझ्या टेबलापाशी, मी अर्ज घेऊन रांगेत होते. तू उठून उभी राहिलीस. मग अर्ज वाचलास, त्यात दोन चुका काढल्यास आणि नीट लिहून आणा म्हणून परत दिलास. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या मनात एकात एक मिसळून गेली आहेत. तुझं लग्न, प्रज्ञाचा जन्म, रविवारच्या दुपारी आमच्या ओट्यावर आपलं बोलणं. देव आहे की नाही यावर आपण किती वेळा भांडलो याची गणती नाही. तू अर्धापूरची केळी आणायचीस आणि मी एक खाऊन म्हणायचे, वसईच्या केळ्याची सर नाही. तू चिडायचीस. देवावरून कधी इतकी चिडली नाहीस.

मग पुन्हा पाऊस नाही असं एक वर्ष आलं, आणि लागून दुसरं. औसा रोडच्या पुढं आमच्या आवारातल्या विहिरीला पाणी होतं, शेजारच्या वस्तीत नव्हतं. तू एक दिवस आलीस, हातात विहीर ताब्यात घेण्याचा आदेश होता, आणि तो तू टेबलावर उलटा ठेवलास. तुम्हीच हो म्हणालात तर हा द्यावा लागणार नाही, असं म्हणालीस. मी हो म्हटलं, फक्त सकाळी सहाला नको, तेव्हा आमची प्रार्थना असते. तू म्हणालीस की बाया सातला कामावर जातात, सहालाच येणार. मी तेही कबूल केलं. त्या उन्हाळ्यात आमची एकही प्रार्थना ऐकू आली नाही. घागरी, दोर, भांडणं, लेकरांचं रडणं. तरुण सिस्टर कुरकुरायच्या. एका सकाळी तू पाहणीला आली होतीस, आमचं आटपेपर्यंत पायरीवर थांबलीस, आणि मी बाहेर आल्यावर विचारलंस,

"तरास होऊन राहिला का, सिस्टर?"

मी म्हणाले, "होतो."

"मलाबी व्हायचा. तीन वर्षं, रोज सकाळी. पण मी सोडून गेले न्हाई अन् तुमी मला घालवलं न्हाई. एवढं झालं तरी लई झालं."

तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर तू त्या पायरीवर दिलंस, आणि मला ते घेता आलं नाही. तुमी मला घालवलं न्हाई. तेव्हाच सांगायला हवं होतं. विहिरीवर बाया होत्या, तुझा शिपाई जीपपाशी उभा होता, आणि मी तुला चहा विचारला.

पापनिवेदनात मी हे सांगितलं आहे, एकदा नाही, अनेकदा. फादरांनी क्षमा मिळाल्याचं सांगितलं. त्यांचा शब्द मी मानते. पण फादरांच्या नावावर कुणी रेघ ओढली नव्हती.

गेल्या महिन्यात तुला बघायला आले ती सांगायचं ठरवूनच. औषधानं तुझे डोळे जड होते. पडद्यातून ऊन येत होतं आणि तू कुठल्या तरी लांबच्या दुपारी होतीस. बराच वेळ माझा हात धरून पडून राहिलीस, मग म्हणालीस, "सिस्टर, तुमच्या वसईचं केळं खरंच गोड असतं, का मला चिडवायला म्हणायच्या?" मी सांगितलं, चिडवायला. तू हसलीस आणि झोपलीस. एवढ्याशा गोष्टीत खरं बोलले, आणि मोठी गोष्ट तशीच घेऊन रिक्षात बसले.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आले होते. पांढऱ्या साड्यांच्या रांगांत माझा झगा तेवढा करडा. तुझ्या जावेनं मला खुर्ची दिली, कुणी काही विचारलं नाही. वंदना झाली, माणसं जेवायला बाहेर गेली. प्रज्ञा कपबशा गोळा करत होती. नांदेडच्या कॉलेजात शिकवते ती, पण कपबशा उचलताना अगदी तुझ्यासारखी दिसते, कोपर बाहेर काढून. मी तिला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. यादी, रेघ, प्रकृती ठीक नाही, वरून आलंय.

तिनं विचारलं, भाषणात काय होतं. मला आठवत होतं तेवढं मी म्हटलं, तुझ्याच शब्दांत. रस्त्याच्या कडेच्या त्या मुलापाशी आले तेव्हा ती तबक घेऊन खाली बसली. आजीला एक मूल मेलेलं झालं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. तू घरात कधी सांगितलं नव्हतंस. पुढचं मी सावकाश म्हटलं, शेवटच्या वाक्यापर्यंत.

मग तिनं तबक बाजूला सरकवलं.

"आई आम्हाला सांगायची, तिथं एक सिस्टर माझ्यासाठी भांडली होती. लहानपणापासून ऐकलंय आम्ही."

मी म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"मला लई राग आलाय, सिस्टर. पण आज घरात माणसं हायत. रविवारी या. चारला या."

ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. माझं कोपर तिनं इतकं घट्ट धरलं होतं की घरी आल्यावर तिथं बोटं उमटलेली दिसली. रिक्षावाल्याला मात्र तिनं दोनदा बजावलं की हळू चालव.

आज शनिवार आहे. इथल्या सिस्टर म्हणतात, या वयात कशाला जाता, चिठ्ठी पाठवा, फोन करा. मी नाही म्हटलं. तुझ्यासमोर जे बोलणं व्हायला हवं होतं ते आता तिच्यासमोर होणार आहे. ती काय विचारील ते मला माहीत नाही, आणि मी उत्तरं तयार केलेली नाहीत. उद्या साडेतीनलाच निघेन म्हणते. ऊन असेल, पण तिला वाट बघायला लावायची नाही.